अर्थ आमचा आम्ही लावतो

मोडी कागद वाचून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. इनामाच्या सनदा, वाटणीपत्रं, गहाणखतं, देवस्थानाच्या हक्काचे दाखले असं काहीबाही येतं. मी ते बाळबोधीत उतरवते, खाली सही करते आणि परत देते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि आम्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बरे दिवस आले. त्याआधी जमिनीच्या दाव्यांवरच चूल पेटायची. याखेरीज एक गिऱ्हाईक असं असतं, की ते फोनवर काम सांगतच नाही. "समक्ष बोलू" म्हणतं. दोघं-तिघं मिळून येतात, दार लोटून घेतलं तर चालेल का विचारतात आणि हमखास पहिला प्रश्न टाकतात, "सर नाहीत का?" सर कोणी नाहीत, मीच वाचते म्हटल्यावर थोडी चुळबूळ होते. मग पिशवीतून पिशवी निघते, तिच्यातून वर्तमानपत्राची घडी आणि त्या घडीतून बीजक.

बीजक म्हणजे पुरलेल्या धनाचं टिपण. कोणा पूर्वजाने धन पुरलं, परक्याला कळू नये म्हणून जागा आडवळणाने लिहून ठेवली आणि तो कागद फिरत फिरत आपल्या हाती आला, असा त्यामागचा समज. मजकूर साधारण ठरलेला. वड किंवा पिंपळ, पडकी विहीर, मारुतीची नजर, इतकी पावलं उगवतीला, तितकी मावळतीला आणि शेवटी सात हंडे. सहा किंवा आठ हंडे पुरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

साताऱ्याकडचे एक म्हातारबुवा एकदा म्हणाले, "बाई, तुमी निस्तं वाचून द्या. अर्थ आमचा आमी लावतो." इतक्या स्वच्छ शब्दांत मला कोणी काम सांगितलेलं नाही. बीजकं पाहून पाहून माझं मत असं झालं आहे, की सगळी गोम त्या वाक्यात आहे. अर्थ आधीच लावून झालेला असतो. कागद फक्त त्याच्या साक्षीला लागतो.

बहुतेक बीजकं बनावट असतात आणि ती ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. जुना मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि अक्षरं तिला लटकवत जायचा. शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती. बोरू दौतीत बुडवला की शाई गडद, चार शब्दांनी फिकी, पुन्हा गडद, असा चढउतार ओळीओळीत दिसतो. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर मोडीत सहसा कोणी केली नाही. बनावट बीजकात मात्र प्रत्येक शब्द सुटा, शाई एकसारखी, वेलांट्या-उकार शाळामास्तरांनी तपासल्यासारखे आणि अक्षरांचं वळण आजच्या 'मोडी शिका' पुस्तिकेतलं. कागद चहाच्या पाण्यातून काढलेला. एक बीजक 'शिवकालीन' म्हणून आलं होतं आणि त्यात अंतरं फुटांत दिली होती.

हे सांगितलं की माणसं विकणाऱ्यावर चिडतील असं वाटतं ना? तसं होत नाही. ती एकमेकांकडे बघतात, कागद पुन्हा घडीत जातो आणि जिना उतरताना कोणीतरी हळूच म्हणतो, "बाईंना कळलंय. सांगत न्हाईत."

एका बीजकावर मात्र मी बराच वेळ घालवला. कागद ब्रिटिश काळातला, टाकाने लिहिलेला, म्हणजे निदान शंभरेक वर्षांचा तरी असावा. सासवडच्या पलीकडचं एक गाव, देवळापुढे दीपमाळ, आणि मजकूर असा, की चैत्र शुद्ध प्रतिपदेस दोन प्रहरी दीपमाळेच्या शेंड्याची सावली जिथे पडेल तिथे खणावे. आपल्याकडे ही गोष्ट गावोगाव आहे. कुठे पुतळ्यावर लिहिलेलं असतं, की जो माझं डोकं उडवील त्याला धन मिळेल. अडाणी माणसं पुतळ्याचं डोकं फोडतात आणि शहाणा माणूस डोक्याच्या सावलीत खणतो. ऐकायला सुरेखच आहे. मलाही ते बीजक आवडलं. त्यात पावलं नव्हती, मारुतीची नजर नव्हती, पडताळता येईल असं काहीतरी होतं.

मग मी पंचांग काढलं. पाडवा तिथीने येतो. २०१८ साली तो १८ मार्चला होता, २०२१ साली १३ एप्रिलला. या दोन तारखांमध्ये सूर्य आकाशात दहाएक अंश उत्तरेला सरकतो. दीपमाळ वीस हात उंच धरली, तर १८ मार्चला भर दुपारी तिची सावली सात हातांच्या जवळपास पडेल आणि १३ एप्रिलला सव्वातीन हातांच्या आसपास. दोन्ही पाडवेच, दोन्ही दोन प्रहरीच. कोणत्याही वर्षी मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर आला, की शेंड्याची सावली दीपमाळेच्या पायातच शिरते. म्हणजे ज्या माणसाने हे लिहिलं त्याने सावली कधी मोजून पाहिलेली नव्हती. ज्याला जागा खरोखर नेमकी सांगायची आहे, तो संक्रांत धरेल, विषुवदिन धरेल, सूर्याच्या गतीला बांधलेला कुठलाही दिवस धरेल. पाडवा धरणार नाही. पाडवा गोष्टीत शोभतो.

ज्यांनी बीजक आणलं त्यांना मी हे आकृती काढून समजावलं. त्यातला एकजण गवंडीकाम करणारा होता, त्याला ते चटकन पटलं. दुसऱ्याने विचारलं, "मग दोन्हीच्या मधी खणलं तर?"

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडमधलं आहे. किट विल्यम्स नावाच्या चित्रकाराने १९७९ साली 'मास्करेड' नावाचं चित्रांचं पुस्तक काढलं. सोन्याचा रत्नजडित ससा घडवून त्याने जमिनीत पुरला आणि जागेचा सगळा संकेत पंधरा चित्रांत लपवला. चित्रातल्या प्राण्यांच्या डोळ्यांतून त्यांच्या लांब बोटांवरून रेघ काढायची, ती चौकटीतल्या ज्या अक्षरावर जाईल ते अक्षर घ्यायचं. अशी अक्षरं जुळवली की बेडफर्डशरमधल्या अँप्टहिलचा पत्ता निघायचा. तिथे कॅथरिन राणीच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस आहे. विषुवदिनी मध्यान्हीला त्या क्रूसाच्या टोकाची सावली पडते तिथे ससा पुरलेला होता. आमच्या दीपमाळेचीच गोष्ट, पण दिवस सूर्याचा धरलेला. रचणाऱ्याला ससा सापडायला हवा होता, म्हणून त्याने गणित नीट केलं.

त्या सशाचं पुढे काय झालं तेही आमच्या धंद्याच्या माणसाने ऐकण्यासारखं आहे. १९८२ मध्ये एकाने तो जिंकला. नंतर उघडकीला आलं, की त्याने कोडं सोडवलंच नव्हतं; चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून जागेचा सुगावा लागला होता. भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी ते रीतसर सोडवलं, पण त्यांचं उत्तर पोचेपर्यंत ससा गेलेला होता. आमच्याकडे येणाऱ्या मंडळींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा शिक्षकांचं कोणालाच वाईट वाटत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ती मैत्रीण कुठं भेटली त्याला?"

खरे जुने कागदही येतात. ते जास्त अवघड. वाईजवळच्या एका वाड्यातले दोघे भाऊ असा कागद घेऊन आले. कागद अस्सल, हाताने बनवलेला, वळण पेशवाईच्या अखेरचं, बोरूची शाई जिथल्या तिथे चढलेली-उतरलेली. पाच ओळींचा तुकडा. त्यातल्या मधल्या ओळींचा आशय असा, की हंडे सात पुरले, वाड्याचे मागील अंगास ठेविले, खूण केली आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा थोरल्याने डोळे मिटून घेतले. कारण दोघांनी गोठ्याच्या मागची जमीन आधीच छातीइतकी खणलेली होती. गावातल्या कोणा निवृत्त तलाठ्याने त्यांना हे एवढंच वाचून दिलं होतं. खड्ड्यामुळे गोठ्याची भिंत तडकली होती आणि म्हैस शेजाऱ्याच्या दारात बांधायची वेळ आली होती.

माझं लक्ष मजकुराकडे नव्हतं, कागदाच्या खालच्या कडेकडे होतं. तिथे वाळलेल्या खळीचा पट्टा दिसत होता. जुने कागद लांबलचक असत, एकाखाली एक चिकटवत जात. म्हणजे हा तुकडा कुठल्या तरी लांब कागदाचा होता आणि त्याला पुढचं अंग होतं. मी विचारलं, बाकीचा रुमाल, म्हणजे कागदांचं बासन, कुठे आहे? दोघे गप्प. रुमाल चुलतभावाकडे होता आणि वाटण्या झाल्यापासून त्याच्याशी बोलणं नव्हतं. हा तुकडा वाटणीच्या वेळी चुकून यांच्या ट्रंकेत आलेला. मी सांगितलं, पुढचं पान आल्याशिवाय मी याच्यावर सही करणार नाही. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. अखेर घरातल्या बायकांनीच पुढाकार घेतला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने जाणं-येणं झालं आणि पुढच्या पानांचे फोटो माझ्या मोबाइलवर आले.

ती लग्नाच्या खर्चाची याद होती. तूप किती लागलं, गूळ किती लागला, पत्रावळी कमी पडल्या म्हणून कोणाकडून आणल्या, वाजंत्र्यांना काय दिलं. पाणी तापवायला गावातून हंडे मागून आणले होते. सात आणले, सात पुरले. कार्य उरकल्यावर ते वाड्याच्या मागच्या बाजूला ठेवले आणि कोणाचा कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकावर खूण केली. पुढच्या पानावर ओळीने घरांची नावं होती आणि ज्याचे त्यास पोचते करावे असं लिहिलेलं होतं. आपल्या आया-आज्यांनी भांड्यांवर नावं घालून घेतली ती याच कारणाने.

मी मनापासून खूश झाले होते. लग्नातल्या व्यवहाराचा इतका जिवंत कागद नेहमी मिळत नाही. धाकटा भाऊ मात्र पानं वाचून होईपर्यंत मान हलवत होता. तो म्हणाला, "मॅडम, हे मुद्दाम लिहिलंय. बघणाऱ्याला लग्नाची यादी वाटावी म्हणून."

यावर काय बोलायचं? पुरावा विरुद्ध गेला की तोही संकेत होतो. खजिना शोधणाऱ्या माणसाशी वाद घालताना हीच पंचाईत आहे. त्याच्या बाजूचं जे निघेल ते खरं असतं आणि विरुद्ध निघेल ते चकवा असतं.

ज्याला गूढ म्हणतात ते मोडीच्या कागदांत पुष्कळदा आपलंच विसरलेलं असतं. मराठवाड्यातून एकाने वहीच्या पानावर उतरवून आणलेला 'मंत्र' मला दाखवला. सीत समानीन मया व अलफ. गावातला भगत तो अमावास्येला एकशे आठ वेळा म्हणत असे. हे शब्द अरबी आकड्यांचे आहेत. सहा, ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून ११८६. शुहूर सनाचं हे साल, इंग्रजी १७८५-८६. पेशवाईतल्या हजारो कागदांवर असं साल घातलेलं असतं. लिहिणाऱ्या कारकुनाला ते रोजच्या तारखेइतकंच साधं होतं. पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' असा शिक्का असतो, म्हणजे मजकूर इथे संपला. तोही काही मंडळींनी गावच्या शिवेचा पत्ता समजून शिवेवर कुदळी चालवल्या होत्या.

कागदापेक्षा दगडांचे हाल जास्त आहेत. मोबाइलवर फोटो येतात. शेताच्या बांधावर एक उभा दगड, वर सूर्य-चंद्र, मध्ये काही अक्षरं, खाली गाढव. विचारणा अशी, की सूर्य म्हणजे पूर्व, चंद्र म्हणजे पश्चिम, तर गाढव कुठली दिशा दाखवतं? हे गधेगाळ. शिलाहारांच्या काळापासून दानाच्या जमिनीवर असे दगड उभे करत. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालावं आणि जो मोडील त्याच्या घराण्याला लागेल असा शाप त्या गाढवाच्या चित्रातून दिलेला. शाप इतका ओंगळ असतो, की समोर कोणाची आई बसली असेल तर मी तो तपशिलात सांगत नाही. वीरगळावर लढून पडलेल्या माणसाची कथा खालून वर कोरलेली असते आणि माथ्यावर कलश असतो. लोकांना फक्त कलश दिसतो. सतीच्या दगडावरचा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात हा 'तिकडे खणा' असं सांगणारा बाण समजतात. मग दगड मुळासकट उपटला जातो, त्याखाली खड्डा पडतो आणि पुढे तो दगड कोणाच्या तरी पायरीला लागतो. त्या जागेवर तो उभा होता म्हणूनच जमिनीची हद्द कळत होती. मी अशा प्रत्येक फोटोला एकच उत्तर पाठवते, की दगड हलवू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. पुढे काय होतं ते मला कळत नाही. बहुधा मला पाठवलेला फोटो हाच त्या दगडाचा जागेवरचा शेवटचा फोटो असतो.

लोक धन पुरत नव्हते असं मात्र मी कधीच म्हणत नाही. पुरत होतेच. बँका नव्हत्या आणि भरवसा कशाचाच नव्हता. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला लढाई जिंकली आणि त्यानंतर शहरातल्या सावकारांकडून पैसा पिळून काढला गेला. असल्या दिवसांत ज्याच्याकडे चार नाणी होती त्याने ती चुलीखाली नाहीतर परसात घातली असणार. बिठूरला तर १८५७ च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने नानासाहेब पेशव्यांच्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी रात्रंदिवस उपसलं आणि तळातून सोन्याचांदीची भांडी, नाणी बाहेर काढली.

पण बिठूरचं धन बीजकावरून मिळालं नाही. फौजेला विहिरीची खबर लागली आणि तिने उपसा केला. आपल्याकडे शेतात, पायाच्या खोदकामात नाण्यांची गाडगी सापडतात त्यामागेही कागद नसतो. नांगर असतो, नाहीतर जेसीबी. जरा विचार केला तर ते असंच असणार. पुरणारा माणूस धन स्वतःसाठी पुरतो. संकट टळलं की तोच येऊन उकरतो. तो मरायला टेकला तर बायकोच्या किंवा मुलाच्या कानात सांगतो, आणि ती उकरतात. जमिनीत उरतं ते फक्त कोणालाही न सांगता गेलेल्या माणसाचं. म्हणजे ज्या धनाचा पत्ता मागे राहिला ते धन पूर्वीच निघालेलं आहे आणि जे अजून जमिनीत आहे त्याचा पत्ता कोणाकडेच नाही. माझ्याकडे बीजक घेऊन येणाऱ्या कोणालाही हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते. फी त्यानंतर ठरते.

एकदा उलटा प्रसंग आला. माझा भाचा कोलोरॅडोत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याचा रात्री फोन आला, "मावशी, तू बीजकं वाचतेस ना? मला एक कविता वाचून दे." फॉरेस्ट फेन या म्हाताऱ्या कलावस्तू विक्रेत्याने न्यू मेक्सिकोतल्या सांता फेच्या उत्तरेला रॉकी पर्वतात कुठेतरी सोन्याची नाणी, दागिने भरलेली काशाची पेटी लपवली होती. २०१० साली काढलेल्या पुस्तकात त्याने चोवीस ओळींची कविता दिली, तिच्यात नऊ संकेत आहेत असं सांगितलं. अमेरिकेतली हजारो माणसं दऱ्याखोऱ्यांत उतरली. पाच जणांचा त्या शोधात जीव गेला. कवितेत कोमट पाण्याची एक जागा आहे आणि रॉकी पर्वतात ऊन पाण्याच्या झऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या पसंतीचा झरा धरला होता. भाच्याचा झरा नेमका त्याच्या घरापासून शनिवार-रविवारात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर होता.

इंग्रजी कविता मला काय वाचता येणार! मी त्याला धंद्यातलं विचारलं. हे लिहिणारा कोण आहे, त्याला हे कोणी वाचावं असं वाटतं, त्याला ते सापडायला हवंय की नकोय? तो म्हणाला, ओळींचा नकाशाशी मेळ घालतोय, माणसाचं नंतर बघतो. पुढे हिवाळा आला आणि त्याच्या बायकोने त्या मोहिमेला पूर्णविराम दिला.

पेटी २०२० च्या जूनमध्ये वायोमिंगमध्ये सापडली. काढणारा जॅक स्टूफ नावाचा वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी. त्याने नंतर जे सांगितलं ते मला आमच्या घरातलंच वाटलं. त्याने ओळींतून गुप्त आकडे काढायच्या फंदात न पडता फेनची पुस्तकं आणि मुलाखती बारकाईने वाचल्या, हा माणूस स्वतःला कुठे विसावा मिळावा असं म्हणेल याचा माग काढला आणि मग जागा शोधायला गेला. फेन त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. भाच्याने मला बातमी पाठवली, खाली फक्त हात जोडलेले.

फ्रान्समध्ये सोनेरी घुबडाचा असाच शोध एकतीस वर्षं चालला. १९९३ मध्ये पुरलेलं घुबड २०२४ च्या ऑक्टोबरात निघालं. कोडी रचणारा मधल्या काळात मरूनही गेला होता. अशा खेळात तरी समोर रचणारा असतो, त्याने नियम पाळलेला असतो आणि जमिनीत काहीतरी नक्की असतं. आमच्या वडाखाली तेही नसतं.

एवढं हसत सांगते आहे, पण काही वेळा मी कागद हातातच घेत नाही. माणसं बोलता बोलता 'पायाळू मुलगा मिळालाय' म्हणतात (पायांकडून जन्मलेल्याला पुरलेलं धन दिसतं असा समज), अंजनाची गोष्ट काढतात, अमुक तिथीला 'काहीतरी द्यावं लागतं' असं सूचित करतात. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ च्या दरम्यान बायका-मुलींचे एकापाठोपाठ खून झाले, त्यांमागे गुप्तधनाची आणि संततीची असलीच अघोरी समजूत होती. माझ्या लहानपणी ते नाव काढलं तरी घरातली मोठी माणसं विषय बदलत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठी करायच्या असल्या अमानुष प्रकारांना महाराष्ट्रात गुन्हा ठरवलं आहे. दार लोटून घेऊन बसलेल्या माणसांसमोर कायद्याचं नाव काढणं एकट्या बाईला सोपं नसतं. मी दार उघडते, समोरच्या दुकानातून चहा मागवते आणि चहावाल्याच्या देखत सांगते, की हे काम मी करत नाही आणि पोरगं कोणाचं आहे ते मला आत्ता सांगा. एकदा त्यातल्या एकाने पोराच्या बापाचा नंबर दिला. मी तिथूनच फोन लावला.

ज्यांना खरोखर नांगराला काही लागतं त्यांच्यासाठी कायदा जुनाच आहे, १८७८ चा. जमिनीत सापडलेलं घबाड दहा रुपयांहून अधिक किमतीचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. मूळ मालक निघाला नाही आणि ते शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरलं तर सापडवणाऱ्यालाही हक्क मिळतो. जमीन दुसऱ्याची असेल आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि चौथा जमीनमालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावा लागतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. हे ऐकून माणसं चकित होतात, कारण 'सरकार सगळं घेतं' हे त्यांना लहानपणापासून पाठ असतं.

तुमच्या घरात माळ्यावर मोडीचा रुमाल असेल तर त्यातला एकच 'महत्त्वाचा' कागद उपटून माझ्याकडे किंवा कोणाकडेही आणू नका. रुमाल जसा बांधला आहे तसा आणा. फाटलं असेल तिथे चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये घालून घेऊ नका, घड्या बळेच उलगडू नका. भावंडांत वाटणी करायची तर भांड्यांची करा, कागद एकत्र राहू द्या. मोडी वाचणारी माणसं पुण्या-मुंबईत आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतही आहेत, आणि राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. तिथे जाऊन स्वतःच शिकलात तर फारच उत्तम, माझी फी वाचेल.